बीम बसेपर्यंत

निर्वात पेटीच्या जाड काचेतून ती करंगळीच्या नखाएवढी चकती दिसत होती... तांब्याची, आणि तिच्यावर फुलरीनचा पिवळट थर, इतका पातळ की कुणाचा श्वास लागला तरी विटाळायचा. साठ-साठ कार्बन अणूंचे बंद चेंडू, ओळीनं बसलेले. त्यांच्यावर इलेक्ट्रॉनांचा बीम, म्हणजे झोत, सोडायचा, परत येताना इलेक्ट्रॉन किती थकून आले ते मोजायचं, आणि त्या थकव्यावरून आत काय जागं झालं ते ओळखायचं – पीएचडीच्या सहा वर्षांत तिनं दुसरं केलं तरी काय?

त्या थकव्याच्या आलेखात तिला एक उंचवटा सापडला होता. लहानसा, आधी कुणीच न पाहिलेला. सगळा प्रबंध त्याच्याच खांद्यावर उभा होता, आणि परवा तो सादर करायचा होता.

"बीम बसू द्या हो ताई," तंत्रज्ञ काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "नव्या नवरीसारखं असतं त्याचं. पहिली वीस मिनिटं खरं बोलत नाही!" ती खूप हसली होती. बीम स्थिर होईपर्यंतचे, पहिल्या वीस मिनिटांचे आलेख पुसून टाकायचे, हा इथला शिरस्ता. तिचे मार्गदर्शक सर तेच करत आले, सरांचे सरही.

आज पुसायचं राहिलं, आणि सहज म्हणून तिनं ते उघडले... पहिल्यात उंचवटा नव्हता. पाचव्यात किंचित पोक आल्यासारखं. दहाव्यात – तोच, तिचा. चकती जराशी सरकवून तिनं कोऱ्या जागी बीम टाकला. पुन्हा नव्हता, पुन्हा उगवला. म्हणजे बीम बसत नव्हता, थर मोडत होता. तिच्या बघण्यानंच चेंडू फुटून एकमेकांना चिकटत होते. खरं काय ते थर पहिल्या मिनिटातच सांगून मोकळा व्हायचा, आणि तेवढंच ती सहा वर्षं इमानेइतबारे पुसत आली होती.

"रागावलायस का?" ती नवऱ्याला विचारायची. तो नाही म्हणायचा. पण तिचं समाधान होईल तर शपथ! पाच-सहा वेळा विचारलं की तो खरंच रागवायचा, आणि ती म्हणायची, बघ, मला आधीच कळलं होतं... घर सोडून जायला तो बॅग भरत होता, तेव्हासुद्धा तिनं विचारलंच होतं. त्यानं चेन ओढून बॅग उचलली होती.

"काय म्हणतोय आपला उंचवटा?" सर दारातूनच.

आत्ता सांगावं...

"बघतेय, सर."

"बघ, बघ. डोळ्यांत तेल घालून बघ!" ते हसत निघून गेले.

चकतीवर शेवटची एक कोरी जागा उरली होती. तिनं बीम तिथं आणला. रेघ सपाट. पुढची सपाट. हात कधी जोडले गेले, तिला कळलंच नाही. तो उंचवटा म्हणजे थराची जखम आहे, हे आता तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तरी आतून कुणीतरी टाहो फोडत होतं, ये रे बाबा, ये... ज्या देवापाशी आजवर कधी काही मागितलं नाही, त्याच्यापाशी पहिल्यांदा मागायचं, तर हे?

पाचवी रेघ किंचित उचलली गेली.

आणि तिला हायसं वाटलं.