मला घ्यायला येऊ नका

लेहरा म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही पण माझ्या बायकोसारखं विचाराल, "येवढंच वाजवायचं हाय तर चार महिने कसली प्रॅक्टिस?" तबलावाला एकटा वाजवायला बसला, की त्याच्या बाजूला पेटीवर एकच ओळ वाजवत राहायची. सोळा मात्रांची. संपली की पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटं तेच. तबलावाला कुठे कुठे जाईल, पण परत येऊन टेकायचं ते याच ओळीच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर. म्हणून ती ओळ जराही हलता कामा नये.

आणि मी हलतो. खरं तेच सांगतो.

मी शिवा, करावे गावचा. सकाळी पाण्याच्या पंपावर ड्युटी, संध्याकाळी देवळात भजनाची पेटी. वीस वर्षं झाली. भजनात लय चढतेच. नाही चढली तर लोक विचारतात, काय रे, पेटीवाला उपाशी आहे काय? त्यात गाणारा तंद्रीत पुढे निघून गेला, तर पेटीवाल्यानं उडी मारून त्याला गाठायचं आणि कोणाला कळूसुद्धा द्यायचं नाही. या कामात माझा हात धरणारा आसपास कोणी नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

माझी मुलगी संध्या सोळा वर्षांची आहे. जुईनगरच्या राजश्रीताईंकडे सात वर्षं तबला शिकते. गेल्या वर्षी वाशीच्या शास्त्रीय संगीत स्पर्धेत ती पहिल्यांदा बसली आणि लेहऱ्याला मी बसलो. पोरगी असली वाजवत होती, की मला आला जोर! पाचव्या मिनिटाला मी लय अशी चढवली, की शेवटचा वेगाचा भाग आला तेव्हा तिची बोटंच अडकली. त्या स्पीडला कोणाचीही अडकली असती. खालून तिसरा नंबर. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली, आणि मी बाहेर उभा राहून ऐकलं.

यंदा फॉर्म भरताना म्हणाली, "पप्पा, लेहरा ॲपवर लावू? नियमात चालतं."

माझं डोकं सटकलं. "बापाला उठवून मोबाईल बसवणार? मग क्लासला पण त्यालाच सोडायला सांग! पावसात तबल्याची बॅग पण तोच उचलेल!"

दोन दिवस मी जेवणाचं ताट परत पाठवलं. बायको, मालती, म्हणाली, "तोंड फुगवून बसलाव ते बसलाव, निदान जेवा तरी." तिसऱ्या दिवशी राजश्रीताईंचा फोन आला. "शिवादादा, राग घरी ठेवा आणि क्लासला या."

गेलो. ताईंसमोर संध्यानं अट घातली. माझ्याकडे बघत नव्हती, तबल्यावरचा काळा गोल, म्हणजे शाई, फडक्यानं पुसत होती. "तुमीच बसा पप्पा. पण यंदा हललात तर पुढे कायम ॲप. मी ऐकणार नाय. आणि अजून एक. मी मध्येच चुकले ना, तर मला घ्यायला येऊ नका. मी कुठेही गेले तरी तुमी तुमच्या जागेवर पायजे. नायतर मी परत येऊ कुठे?"

मान डोलावली. ती शेजारची जागा गेली तर माझ्याकडे काय राहत होतं? तबल्यातलं मला बाकी काही येत नाही. तिच्या बाजूला बसायला मिळतं, एवढंच.

चार महिने घासली ती ओळ. पंपावर टेबलाच्या कडेवर बोटं चालवायचो. पंपाचा आवाज एकसारखा, त्याला धरून. सोबतचा कुलदीप म्हणायचा, "शिवाभाऊ, डॉक्टरला दाखवा, हात थरथरतोय तुमचा."

स्पर्धेच्या दिवशी संध्याचा सातवा नंबर होता. तिच्या आधी खारघरचा राजवर्धन वाजवून गेला. सतरा वर्षांचा पोरगा, पण काय हात! मी मनात दोन शिव्या घातल्या आणि तिसऱ्यांदा वाहवा केली. मग आमचं नाव पुकारलं.

मी ओळ धरली. संध्यानं सुरुवात केली ती सावकाश, एकेक बोल स्वच्छ. दहा मिनिटं झाली, मी हललो नाही. घाम कानामागून शर्टात चालला होता, पण हललो नाही. मग तिनं चक्रदार काढला. एकच रचना तीन वेळा वाजवायची आणि तिसऱ्या वेळेचा शेवटचा 'धा' बरोबर समेवर पाडायचा, असा तो प्रकार.

दुसऱ्या वेळी कुठेतरी तिच्या दोन मात्रा गळल्या.

मला लगेच कळलं. वीस वर्षं हेच तर करतोय! ती दोन मात्रा पुढे पळत होती. अशीच गेली तर तिचा 'धा' समेच्या आधीच पडणार आणि सगळ्या हॉलला कळणार. माझी बोटं शिवशिवली. दोन सूर गाळले असते, की सम तिच्या 'धा'खाली नेऊन ठेवली असती. एका क्षणाचं काम. समोर माझी पोरगी बुडत होती हो, आणि मला पोहता येत होतं!

तिनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी दात आवळले आणि ओळ जिथे होती तिथेच वाजवत राहिलो. आयुष्यात इतकं अवघड काम केलेलं नाही.

तिसरी फेरी सुरू झाली. तिनं मान माझ्या पेटीकडे वाकवली, ऐकलं, आणि वाजवता वाजवताच गळलेल्या दोन मात्रा भरून काढल्या. मधला बोल असा काही झुलवत लांबवला, की जणू तसंच बसवलं होतं. धा, धा आणि शेवटचा धा! बरोब्बर समेवर! पाट्यावर नारळ फुटावा तसा.

"आयला!" मी ओरडलो. समोर माईक होता. आणि दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली.

दोन्ही हातांनी. म्हणजे पेटी बंद.

हॉल हसला. राजश्रीताईंनी कपाळाला हात लावला. संपलं, वाटलं, गेली माझी जागा! संध्याचा हात मात्र थांबला नव्हता. ती साधा ठेका वाजवत होती, ओठ दाबून हसू आवरत होती. "पप्पा, नवव्या मात्रेवर या," ती हळूच म्हणाली. "सहा... सात... आठ..."

मी नवव्यावर आलो. शेवटची तीन मिनिटं पोरगी अशी सुटली, की लोक उभे राहिले.

निकाल लागला. राजवर्धन पहिला, संध्या दुसरी, फरक अर्ध्या गुणाचा. मुख्य परीक्षक विमलबाई, सत्तरीच्या, कडक इस्त्रीची साडी. त्यांनी आम्हाला बोलावून तोंडावर सांगितलं, "एक गुण लेहऱ्याचा कापलाय. लेहरेदारानं टाळ्या वाजवायच्या नसतात."

"होय बाई," मी म्हणालो. मान वर होईना. पोरीचा पहिला नंबर मी खाल्ला होता, परत एकदा.

"पहिले दोघं जानेवारीत आमच्या महोत्सवात वाजवतील," विमलबाई संध्याला म्हणाल्या. "तिथे लेहऱ्याला आमचे सारंगीवाले असतात. जुने, अनुभवी. त्यांच्याबरोबर एकदा तालीम कर."

संध्यानं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "सॉरी बाई, पण लेहरा माझे पप्पाच धरतील."

"आणि महोत्सवात पुन्हा टाळी वाजवली तर?"

"वाजवू दे," संध्या म्हणाली. "तेवढा वेळ मी मोजेन."