ट्रॉलीतल्या उड्या

मुलांनो, जरा डोळे मिटा. समोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीभर पांढराशुभ्र कापूस आहे आणि तुम्हाला त्यात उड्या मारायच्या आहेत. एक पाय वर काढावा, तर दुसरा गुडघ्यापर्यंत रुततो. रागावणारं कुणी नाही. उलट कापूस नीट दबावा म्हणून मोठी माणसंच ओरडतात, "अजून जोरात!"

बुलढाण्याच्या आरोहीने दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावी हेच केलं. मामेबहीण छकुलीबरोबर, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. मजा सोडवेना, म्हणून ती पाणी प्यायलाही खाली उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी उठायला गेली, तर मांड्या, पोटऱ्या, पाठ, दंड, सगळं ठणकत होतं. शिंक आली तरी बरगड्या दुखत. आणि तिला एकदम आठवलं. पावसाळ्यात तिच्या वर्गातल्या पायलला डेंग्यू झाला, तेव्हा तीही असंच म्हणाली होती, "सगळं अंग दुखतंय."

"काऊन वं, बदकावानी चालून राह्यली?" कोकिळामामीने हसत विचारलं.

आरोहीला रडूच फुटलं. "मामी, मला डेंग्यू झालाय!"

मामीचं हसू मावळलं. हातातलं काम टाकून ती आरोहीला घेऊन नांदुऱ्याला डॉक्टर नीरजाताईंकडे गेली.

डॉक्टरांनी ताप पाहिला. नव्हता. घसा बरा, अंगावर पुरळ नाही, डोकंही दुखत नव्हतं.

"काल काही जड काम केलं?"

"नाही जी," मामी म्हणाली. "पाव्हणी पोरगी हाय, तिले कोणी काम सांगते काय?"

"मग खेळलीस काय?"

"कापूस तुडवला," आरोही म्हणाली. "दिवसभर."

डॉक्टरांनी तिची पोटरी हलकेच दाबली. "आई गं!" आरोही ओरडली.

डॉक्टर हसल्या. "अगं, ते काय थोडं काम झालं? अंग दुखायला कारणं पुष्कळ असतात. तापाच्या आजारात दुखतं. झोप किंवा पाणी कमी पडलं तरी दुखतं. आणि सवय नसताना फार मेहनत केली, तर दुसऱ्या दिवशी हमखास दुखतं. तुझं तेच झालंय."

"पण छकुलीचं काहीच दुखत नाही!"

"ती दरवर्षी तुडवते. तू पहिल्यांदाच. आज आराम कर, भरपूर पाणी पी. दोन-चार दिवसांत जाईल. ताप आला किंवा दुखणं वाढलं, तर मात्र लगेच या."

मामीने कपाळावर हात मारला. "अन् मी वाटेत देऊळगावच्या बालाजीले नारळ बोलून बसली!"

"मग फोडा की. प्रसाद मलाही आणा."

आरोहीला इतकं हलकं वाटलं, की हसताना बरगड्या दुखल्या तरी ती हसतच राहिली.

घरी आली, तर छकुली ट्रॉलीत एकटीच उड्या मारत होती. "ये ना वं वर!"

"आज नाही," आरोही म्हणाली. मग ती बदकासारखी डुलत घरात गेली, माठातलं पाणी गटागटा प्यायली, बाटली भरून घेतली आणि ट्रॉलीशेजारी उभी राहून ती वर धरली.

"छकुले, आधी पाणी पी. मग मार उड्या."