घडी घातलेलं प्रूफ

६१ टक्के

अपग्रेड पूर्ण झालं तेव्हा दुकानात चाळीस माणसं बसलेली होती. ती कॉम्प्युटरमधून आली होती. स्क्रीनवर काहीच उघडं नव्हतं, तरी मेमरी एकसष्ट टक्के भरलेली दिसत होती.

'अपग्रेड करायचं का' असं मशीन तीन आठवडे विचारत होतं. सोमवारी सकाळी मी 'हो' दाबलं. खाली बरंच काही लिहिलं होतं, ते वाचलं नाही. गिऱ्हाइकांना मी रोज सांगतो की सही करण्याआधी नीट वाचा.

आमचं दुकान लग्नपत्रिकांचं, स्टँडमागे. पत्रिका आम्ही कधी नव्याने करत नाही. जुनी उघडायची आणि नावं बदलायची. तारीख, मुहूर्त, कार्यालय, आणि खाली 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरं, हेही बदलायचं. गणपती तोच राहतो. सव्वीस वर्षं हे असंच चाललं आहे.

तर ती माणसं जुन्या पत्रिकांमधली होती. आपले नम्र, व्यवस्थापक, समस्त अमुक परिवार. बायका शालूत होत्या. 'कृपया आहेर आणू नये' असं छापून घेणारे एक गृहस्थ मांडीवर आहेर घेऊन बसले होते. कटिंग मशीनवर दोन पोरं पाय हलवत बसली होती आणि माझ्याकडे बघून म्हणत होती, यायचं हं.

वैजयंताताई आमच्याकडे सतरा वर्षं टायपिंग करतात. त्या आल्या, चपला काढल्या, माणसांमधून वाट काढत आपल्या खुर्चीशी गेल्या आणि खुर्चीवरच्या आजोबांना म्हणाल्या, "सरका जरा."

७४ टक्के

मी आसिफ मुल्लाला फोन केला. आमची मशीन तोच बघतो. तो आला, पण आत शिरायला जागा नव्हती म्हणून उंबऱ्यावरूनच त्याने पाहणी केली.

"शेठ, हे तर मंगल कार्यालय झालं," तो म्हणाला. "जेवण कितीला आहे?"

मी विचारलं, हे असं का झालं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे जुनी सिस्टीम काम झालं की पत्रिका सोडून द्यायची. नवी सोडत नाही. एकदा उघडलेलं सगळं ती धरून ठेवते. एकतर रॅम वाढवा, ती मुंबईहून गुरुवारी येईल. नाहीतर जे उघडं आहे ते एकेक करून बंद करा.

गुरुवार जमणार नव्हता. माझ्या मुलीची, मुक्ताची, पत्रिका आजच छापायची होती. चार वाजता तिचे होणारे सासरे पहिली पत्रिका न्यायला येणार होते. उद्या सकाळी ती त्यांच्या कुलदेवतेपुढे ठेवायची, आणि ती ठेवल्याशिवाय त्यांच्याकडे पुढचं काहीच हलत नाही. सव्वीस वर्षं मी लोकांच्या मुलींची नावं छापली. हे एक नाव मला बिनचूक छापायचं होतं.

ताईंनी बंद करायला सुरुवात केली. स्क्रीनवरच्या यादीत एकेक आडनाव होतं. त्यावर टिचकी मारली की ते कुटुंब उठायचं, पिशव्या गोळा करायचं, येतो म्हणायचं आणि रस्त्यावर जाऊन दिसेनासं व्हायचं. आहेरवाले गृहस्थ जाताना आहेर माझ्या हातात देऊन गेले. पोरांनी मात्र दारातून पुन्हा एकदा बजावलं.

अकरा वाजेपर्यंत दुकान रिकामं झालं.

आकडा चौऱ्याहत्तरवरून हलला नाही.

७४ टक्के

कोपऱ्यात कागदाच्या रिमांमागे एक माणूस उरला होता. तो स्टुलावर बसला होता आणि कमरेतून पूर्ण दुमडलेला होता. छाती मांड्यांवर, चेहरा दोन गुडघ्यांच्या मध्ये. घडी अगदी धारदार होती, नखाने दाबून घालतात तशी.

मी लगेच ओळखलं. सोपान गायधनी, पोस्टात होते. शर्टाच्या बटणाला दोऱ्याने बांधलेलं त्यांचं पेन खाली लोंबत होतं.

नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या वृषालीची पत्रिका आम्ही केली. त्यांनी प्रूफ तीनदा वाचलं, बोट ठेवून, आणि खाली सही केली. प्रूफ बरोबर होतं. छापताना मी त्याच्या आधीची, नावं न बदललेली फाईल उघडली. मुखपृष्ठावर जुनीच नावं राहिली आणि तीनशे पत्रिका वाटल्या गेल्यावर मुलाकडच्यांनी विचारलं, ही ज्योत्स्ना कोण? आधी कुठे ठरलं होतं का? लग्न पुढे ढकललं. मग त्याचं कोणी नावच काढलं नाही.

गायधनी चार माणसं घेऊन जाब विचारायला दुकानात आले होते. मी प्रूफ काढलं. त्याची मधोमध घडी घातली, नावांचा वरचा भाग मागे केला आणि फक्त खालचा अर्धा भाग त्यांच्यासमोर धरला.

"सही तुमचीच ना?" मी विचारलं होतं.

त्यांनी सहीवर बोट ठेवलं. "सही माझीच आहे," ते म्हणाले.

घडी उघडा, असं कोणीच म्हणालं नाही.

८३ टक्के

ताईंनी त्यांच्या नावावर टिचकी मारली. ते उठले नाहीत. पुन्हा मारली. आकडा वाढला आणि छत वीतभर खाली आलं. इतरांनी सोडलेली सगळी जागा ते घेत होते, न हलता. पंखा ट्यूबलाइटला लागायला लागला तेव्हा आम्ही तो उतरवून ठेवला.

"ताई, त्यांना जरा सरळ करा ना," मी म्हणालो.

ताईंनी चष्मा पुसला. गायधनी चार माणसं घेऊन आले त्या दिवशी मी ताईंना अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. त्यांनी कधी विचारलं नव्हतं, का ते.

"ही घडी तुम्ही घातलीय, दादा," त्या म्हणाल्या. "मी नाही उघडणार."

मी गायधनींच्या खांद्यांना हात लावला. ते थंड आणि गुळगुळीत होते. वर उचलताना घडीतून आवाज आला, कोरा कागद मोडतो तसा, आणि तेवढ्यात मुक्ता दारात उभी राहिली. मी हात काढून घेतला. खांदे परत खाली गेले.

मुक्ता वाकून आत आली. दार आता तिच्या कपाळाच्या उंचीचं झालं होतं. तिने हे काय म्हणून विचारलं नाही. लग्नघरात काहीही होतं, असं तिचं मत आहे.

"हे कोण, बाबा?"

ताई माझ्याकडे बघत होत्या. एक वाक्य पुरलं असतं.

"जुने गिऱ्हाईक," मी म्हणालो. "पाठ धरलीय त्यांची."

"सही माझीच आहे," गायधनी गुडघ्यांमधून म्हणाले.

९७ टक्के

छत आता आमच्या कोपरांपाशी होतं. ताई आणि मुक्ता जमिनीवर बसल्या, कीबोर्ड मांडीवर घेऊन. टेबलाचे पाय मुडपले होते. मला बसता येईना. सकाळपासून माझी कंबर वेगळीच वागत होती. ती फक्त पुढे वाकत होती.

मुक्ताने स्वतःची फाईल उघडून पाहिली. जागा नाही, असं मशीन म्हणालं. पावणेचार झाले होते. बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. व्याही नेहमी लवकर येतात.

"उघडी अशी एकच पत्रिका आहे," ताई म्हणाल्या. "गायधनींची."

मुक्ता म्हणाली, "मग त्यातच नावं बदलूया. आपण नेहमी तसंच तर करतो."

नको, असं मी म्हणालो. का नको, असं तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर होतं. मी ते तोंडाशी आणलं. बाहेर व्याही खोकले, आणि मी म्हणालो, "बरं, करा. पण गणपती तोच ठेवा."

९९ टक्के

कीबोर्ड खूप वेळ वाजत राहिला. तोवर मी पूर्ण दुमडलो होतो. छाती मांड्यांना टेकली, चेहरा दोन गुडघ्यांच्या मध्ये आला. दुखत नव्हतं. समोर जमिनीची एक फरशी दिसत होती आणि शेजारी गायधनींचे पाय. त्यांनी पोस्टातल्या त्याच काळ्या चपला घातल्या होत्या. आमची डोकी जवळजवळ लागली होती. त्यांच्या श्वासाला खळीचा वास होता.

"झाली का हो पत्रिका?" बाहेरून व्याह्यांनी विचारलं.

"सहीच राहिलीय," मुक्ता म्हणाली.

प्रिंटर घरघरला. मुक्ताने हात लांब करून प्रूफ माझ्या गुडघ्यांमधल्या फटीत सरकवलं. त्याची मधोमध घडी घातलेली होती. खालचा अर्धा भाग माझ्यासमोर होता. आपले नम्र. माझं नाव, माझ्या बायकोचं नाव. 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं.' त्याखाली सहीसाठी रेघ.

"मुक्ता, वर नाव कोणाचं आहे?"

"उघडायला जागा नाही, बाबा."

"तू वाचलंस ना?"

"ताईंनी वाचलं असेल."

ताईंनी कीबोर्ड खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सही करा ना, बाबा. ते थांबलेत."

माझं पेन वरच्या खिशात होतं आणि खिसा घडीच्या आत गेला होता. शेजारून गायधनींचा हात आला. त्यांनी आपलं पेन माझ्या बोटांत दिलं. मी ते रेघेकडे नेलं. रेघ चार बोटं लांब होती आणि दोरा तिथपर्यंत पुरत नव्हता. मी हळूच ओढलं. दोरा ताठ झाला, त्यांच्या शर्टाचं बटण पुढे आलं, आणि बटणामागून हळूहळू ते सरळ व्हायला लागले.