शाईचे तडे

आठ महिने ढोलकी बडवून दौलत स्वतःला उस्ताद म्हणवून घेत होता. दुसरं कुणी म्हणत नव्हतं, म्हणून ते कामही त्यानंच अंगावर घेतलेलं. रविवारी नरे पार्कात संयुक्त महाराष्ट्राची सभा होती आणि गंगाधर शाहिराच्या कलापथकात त्याला पहिल्यांदाच स्टेज मिळणार होतं. नेमकी त्याच आठवड्यात ढोलकीची शाई उडाली. शाई म्हणजे कातड्यावरचा तो काळा गोल. तो गेला की ढोलकीचा डालडाचा डबा होतो.

करी रोडला एका चाळीच्या जिन्याखाली कोंडीराम बसायचा. शाई भरावी ती त्यानंच, पण म्हातारा म्हणजे गोगलगाय. भाताची खळ नि लोखंडाची भुकटी कालवायची, कागदाएवढा थर द्यायचा, सुकू द्यायचा आणि मग गुळगुळीत दगडानं घासत बसायचं. ते झालं की परत थर.

"किती थर देणार, मामा?"

"आवाज पुरं म्हणंल तवर."

"आवाज काय टपाल टाकणार आहे तुम्हाला?"

"सोमवारी ये."

"सोमवारी कोणाला ऐकवू? मैदानातल्या कुत्र्यांना? सभा रविवारी आहे!"

"मग सभा म्होरं ढकला. महाराष्ट्र आज मिळतो, उद्या मिळतो करीत दोन वरसं गेली. माझ्या एका दिसानं काय अडतंय?"

शनिवारी सकाळी दौलत गेला तर म्हातारा नळावर गेलेला. त्यानं ढोलकी उचलून शाई बघितली आणि त्याचं टाळकंच सरकलं. शाईभर केसाएवढ्या बारीक भेगा! पाच दिवस घासून थेरड्यानं तडे पाडले होते. दौलतनं वाटीतली उरलेली शाई पेपरात गुंडाळली नि ढोलकी बगलेत मारली. तेवढ्यात बादली घेऊन कोंडीराम आला.

"आरं ए दौलत्या! त्ये तडं ऱ्हाऊ दे, त्ये..."

"तुमचे हात गेले आता, मामा. झोपा!" म्हणत दौलत रस्त्यावर.

घरी येऊन त्यानं एकच थर दिला, बोटभर जाड. सगळे तडे बुजवले आणि ढोलकी शेगडीवर धरली. आई भाकरी थापत होती.

"मेल्या, ढोलकी काय बांगडो आसा भाजूक?"

"तुला नाही कळायचं."

शाई सुकली. नव्या बुटासारखी चकाकत होती. पाच दिवसांचं काम एका तासात! म्हाताऱ्याला नेऊन दाखवावं, असं दौलतला फार वाटलं.

रविवारी मैदान खचाखच भरलं. शाहिरानं हात कानावर नेला, सूर लावला, दौलतनं थाप मारली. दुसरी मारली. तिसऱ्या थापेला शाईचा ढलपा उडाला आणि पुढच्या रांगेत बसलेल्या एका बाईंच्या ओटीत पडला. ढोलकी भद्द बोलली. बाईंनी ढलपा चिमटीत धरून वर केला.

"घे रे बाबा, तुझं काहीतरी पडलं!"

लोक पोट धरून हसले. शाहिरानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही, नुसतं बोट हलवलं. झांजवाल्या रघुनं दुसऱ्या पथकाची ढोलकी ओढून मांडीवर घेतली. तेव्हापासून दौलतची जागा रघुची झाली.

सोमवारी दौलत जिन्याखाली जाऊन उभा राहिला. कोंडीरामनं मानही वर केली नाही.

"तडं बुजिवलंस?"

"हो."

"गाढवा, त्ये मीच पाडत हुतो. घासून थराला बारीक भेगा पडल्या की शाई कातड्यासंगं हलती, मग बोलती. तुझा गोळा काय बोलंल, डोंबल? घे दगड."

"मी घासू?"

"मग माझ्या बापाला बोलवू?"

तीन आठवडे रोज गिरणीतून सुटला की दौलत दगड घासत होता. बोटं सुजली, डोकं रोज फिरायचं. दोनदा दगड भिरकावला, दोन्ही वेळा आपणच जाऊन उचलून आणला.

एके संध्याकाळी मोर्चा रस्त्यावरून गेला. ट्रकवर शाहीर गात होता, शेजारी रघु ढोलकीवर. दौलतनं कान दिला आणि तोंड वाकडं केलं.

"शाहीर राहिला मागं, हा पळाला पुढं. मुतायला लागलीय का ह्याला?"

कोंडीराम खो खो हसला. "तू आस्साच वाजवायचास."

दौलतचे कान तापले. सणसणीत शिवी ओठावर आली. मग त्यानं शाईकडं बघितलं. भेगा अजून कडेपर्यंत पोचल्या नव्हत्या. शिवी गिळून त्यानं दगड उचलला.