खारशीची खाडी

आमचं खारशी गाव खाडीच्या दक्षिणेला होतं आणि सरकारी नकाशात ते उत्तरेला होतं, म्हणून आम्ही खाडी उचलून गावाच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवली.

नकाशा गोऱ्या साहेबाचा. पेशवाई बुडून किनाऱ्यावर कंपनी सरकारचा अंमल आला, तेव्हा मोजणीसाठी तो गलबतातून समोरच्या पालेकोंडला उतरला. उतरला तो तापाने फणफणलेला. तिथल्या बंगल्यात पलंगावर पडून, खिडकीतून दिसलं तेवढ्यावरून त्याने आमचा किनारा काढला, आणि आमचं गाव त्याच्या हातून त्याच्याच बाजूला पडलं. पुढे बंदर गाळाने भरलं, कलेक्टरची कचेरी दुसरीकडे गेली, इंग्रज गेले, एका जिल्ह्याचे दोन झाले आणि खाडी ही त्यांची हद्द ठरली. नकाशा तोच राहिला.

"नकाशा चुकलाय, मॅडम," मी म्हणालो.

"असेल," तहसीलदार बाई म्हणाल्या. त्या आमच्या ओटीवर बसून कोकम सरबत पीत होत्या. "पण तो दुरुस्त करायचा अधिकार ज्याने काढला त्याचा. तो तर वारला."

"मग?"

"मग खाडी."

गावात कुणी हरकत घेतली नाही. मी तर नाहीच नाही. माझी थोरली बहीण शेवंताक्का पलीकडे पालेकोंडला दिलेली होती. होडी मिळाली तर यायची, नाही मिळाली तर तिकडच्या काठावर उभी राहून हाक मारायची आणि परत जायची. आई आमची अंथरुणाला खिळलेली. खाडी उचलणार हे ऐकून ती उठून बसली.

"मग शेवंता चालत येईल रे, भिवा," ती म्हणाली. "जा, तूही खांदा दे."

ओहोटीला खाडी हलकी असते. सकाळी सगळं गाव काठाने उभं राहिलं आणि आम्ही तिची कड बोटांनी सोडवली. पिकलेल्या फणसाचा गरा सुटावा तशी ती गाळापासून सुटली. खांद्यावर घेतली तेव्हा थंडगार लागली. आत मासे घाबरलेत हे मानेला कळत होतं. बोललं की पाणी सांडतं, म्हणून कुणी बोललं नाही. पाखाडीच्या पायऱ्यांनी वर, देवळामागून खाली, असं नेत आम्ही ती दक्षिणेच्या शेतांवर ठेवली. साहेबाच्या नकाशात तिथे शेतं नव्हतीच.

खाडी होती तिथे आता ओली, उघडी जमीन राहिली. रुंद म्हणावी तर हाक पोचेल एवढीच. शेवंताक्का पलीकडे उभी होती. तिने चपला काढून हातात घेतल्या आणि खाली उतरली.

"भिवा, चहा टाक," ती ओरडली. "आलेच!"

मी चहा टाकला. चहा उकळला, निवला, त्यावर साय धरली. ती चालत होती.

दुसऱ्या दिवशीही ती चालत होती. झपझप चालायची, पाऊल नीट पुढे पडायचं, पण जवळ येत नव्हती. मी तिला आणायला उतरलो. ऊन डोक्यावर येईपर्यंत चाललो, तरी ती होती तिथेच दिसत राहिली. मागे वळलो तर लगेच आमच्या काठाची पायरी पायाला लागली.

"माघारी फिर, आक्का!"

"फिरून बघितलं रे. पालेकोंडही तेवढंच लांब आहे."

"दमलीस का?"

"पाय नाहीत दमत. पण आईसाठी घावणे आणलेत, ते वाया जातील. विचार तिला, काय करू?"

"खाऊन टाक गो बाय," आई आतून म्हणाली. तिचा बारीक आवाज तिथवर नीट पोचला. आक्काने चालता चालता घावणे खाल्ले.

मग मी आईची खाट आक्का दिसायची त्या खिडकीशी सरकवली. मायलेकी दिवसभर बोलायच्या. कुणाच्या सुनेला दिवस गेले, आमसुलं यंदा काळी का पडली, असलंच सगळं. आक्का चालता चालता हसायची. ती घरी येऊन बसली असती तर दोघी एवढ्या बोलल्या नसत्या, असं मला वाटायचं. आणि मग असं वाटल्याचं वाईट वाटायचं.

तहसीलदार बाई पाहणीला आल्या. पायरीवर उभं राहून त्यांनी खाली पाहिलं. आक्काने चालता चालता त्यांना नमस्कार केला.

"या कोण?"

"माझी बहीण."

"कुठल्या गावच्या?"

"माहेर खारशी, सासर पालेकोंड."

"आणि आत्ता कुठल्या गावात आहेत?"

मी आधी पायरीकडे पाहिलं, मग पालेकोंडकडे.

"ही जमीन कुठल्याच गावात नाही," बाई म्हणाल्या. "नकाशात खारशी संपली की पालेकोंड सुरू होतं. मध्ये काही नाही. तिथे माणूस असेल कसा?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. जाताना त्यांनी आपली छत्री उघडून आक्काच्या दिशेने खाली सोडली. छत्री मात्र वाऱ्याने घरंगळत गेली आणि सरळ तिच्यापाशी पोचली.

दक्षिणेला खाडी नांदेना. दर भरतीला ती गावात शिरायची, आपल्या जुन्या घरी निघाल्यासारखी. शेतं गेली. मसणवट गेली. देवळाच्या पायऱ्या गेल्या. खालच्या वाडीतली घरं सरकत सरकत वर आली. शेजाऱ्यांची भिंत आमच्या भिंतीला टेकली, मग आमच्या माजघरात आली. पाखाडीतून आडवं होऊन जावं लागायचं. आमचं माजघर आईच्या खाटेएवढं उरलं, मग खाट उभी करून आईला माझ्या मांडीवर घ्यावं लागलं. तीही अरुंद होत चालली होती.

एका दुपारी बोलता बोलता ती थांबली. मसणवट पाण्याखाली होती, म्हणून मागच्या अंगणात जेवढी जागा होती तेवढ्यात आम्ही तिला अग्नी दिला.

"भिवा, धूर कसला रे?" आक्काने विचारलं.

"सुका पातेरा पेटवलाय."

"आई बोलत नाही ती?"

"झोपली आहे."

"झोपू दे. उठली की सांग, मी आलेच म्हणून."

पाणी आमच्या मागच्या दाराशी आलं तेव्हा गावकरी माझ्याकडे आले. होडीवाले इब्राहिमभाई पुढे झाले. खाडी उचलल्यापासून त्यांची होडी कोरड्यावरच होती.

"भिवा, खाडीला परत जायचंय," ते म्हणाले. "आपण उचलून नेली नाही, तर ती घरांवरून जाईल."

"आक्का आहे तिथे."

"मला सांगतोस? नवरी होऊन गेली ती माझ्याच होडीतून."

सगळ्यांच्या कमरेखालचे कपडे ओले होते. पोरंबाळं छपरांवर बसली होती.

मी पायरीवर गेलो.

"आक्का, खाडी परत आणतोय आम्ही."

ती थांबली. इतक्या दिवसांत मी तिला थांबलेलं प्रथमच पाहत होतो.

"कधी?"

"आताच्या ओहोटीला."

"आईला विचारलंस?"

"विचारलं."

तिने मान हलवली. "मग आणा," ती म्हणाली.

या वेळी खाडी जड झाली होती. आमची शेतं तिच्यात विरघळली होती. मी पुढच्या कडेला होतो. जागा नव्हती म्हणून छपरांवरून, परसांतून, एकमेकांच्या घरांमधून आम्ही तिला उचलून आणली. कुणी बोललं नाही. एक थेंब सांडला नाही. पायरी उतरून मी त्या जमिनीवर पाऊल टाकलं, आणि या वेळी ती साधी जमीन होती. थोडंसं चाललो तर आक्का समोरच.

तिचे केस पांढरे झाले होते. तेवढ्या जवळून ती अगदी आईसारखी दिसत होती. माझ्या खांद्यावरून तिने घराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. बोललो असतो तर खांद्यावरचं पाणी सांडलं असतं.

मग तिने पदर कमरेला खोचला, माझ्या शेजारी आली आणि वाकून आपलाही खांदा खाडीखाली घातला. मागे लोक खाडी खाली ठेवायला गुडघे वाकवू लागले होते.