कोऱ्या भिंतीवरची अक्षरं

साल होतं एकोणीसशे सदुसष्ट. मुलींच्या शाळेतल्या आजारी खोलीचा कारभार तेव्हा एकट्या सिस्टरबाईंकडे होता. लांबट, अरुंद खोली. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खाट आणि खाटेशेजारच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. हजारभर मुलींच्या उवा, खरूज, किडके दात आणि दुखरी मनं, सगळं सिस्टरबाईच बघायच्या. मनाच्या दुखण्याला वहीत रकाना नव्हता, म्हणून तिथे त्या 'पोट' असं लिहायच्या.

सहावीतली एक किडकिडीत मुलगी आठवड्यातून दोनदा डोकं धरून यायची. आवाज बारीक, म्हणून शाळाभर तिला चिमणी म्हणत. सिस्टरबाई तिला तासभर खाटेवर निजवायच्या, कपाळावर ओली पट्टी ठेवायच्या आणि मग दारापाशी उभी करून तक्ता वाचायला लावायच्या. चिमणी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड वाचायची. वहीत तीनदा लिहिलं गेलं, 'दृष्टी उत्तम.'

त्या दोन शब्दांनीच घोळ केला. गणिताच्या बाई ती वही घेऊन मुख्याध्यापिकेकडे, म्हणजे मोठ्या बाईंकडे गेल्या. "फळ्यावरच्या तिनाचा आठ करते ही. डोळे तर ठणठणीत! मग ढोंगच की. बसवा परत पाचवीत."

सोमवारी घरी चिठ्ठी जाणार असं ठरलं. सिस्टरबाईंच्या जिवाला चैन पडेना. पोरगी खोटं बोलणाऱ्यातली वाटत नव्हती. शनिवारी सकाळी त्यांनी तिला पुन्हा बोलावलं. दारापाशी उभं केलं, स्वतः तिच्यासमोर वाकल्या आणि पुठ्ठ्याने तिचा एक डोळा झाकला.

"हं, वाच बाळ."

"र, ग, न, क, ट, प..."

"अगंबाई!" मागून झाडलोट करणारी मावशी ओरडली. "ही कशावरून वाचतेय? तक्ता तर माझ्या काखेत! धूळ झटकायला काढलाय मी!"

सिस्टरबाईंनी वळून पाहिलं. भिंतीवर नुसता खिळा होता.

चिमणीने भोकाडच पसरलं.

"खाटेवर पडून पाठ केलास होय गं?"

"हो."

"अगं पण कशापायी?"

"आत्याला आधी चष्मा लागला. मग जाड भिंगांचा लागला. मग दिसायचंच बंद झालं." हुंदका आवरत ती म्हणाली, "मलाही चष्मा दिलात, तर माझंही तसंच होणार."

सिस्टरबाई तिच्याजवळ खाली बसल्या. "हा माझ्या नाकावरचा बघ. बावीस वर्षं झाली. अजून तुझ्या केसातली ऊ दिसते मला."

"माझ्या केसात ऊ नाहीये!"

"बघ, तेही चष्म्यामुळेच कळलं." चिमणी रडता रडता फिसकन हसली. "चष्म्याने डोळे जात नाहीत गं. आत्याचं दुखणं वेगळं असणार. आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. तूच विचार त्यांना, मी हात धरून बसते."

मग त्या तडक मोठ्या बाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. पोरीसमोर उत्तरं टांगून ठेवून मी परीक्षा घेत होते."

"गुपचूप पान फाडलं असतंत, तर कुणाला कळलं असतं?" तिथेच बसलेल्या गणिताच्या बाई पुटपुटल्या.

"वही खोटी ठेवून पोरी कशा बऱ्या करायच्या?"

मोठ्या बाईंनी चिठ्ठी टराटरा फाडली. "वहीत तसं लिहा," एवढंच म्हणाल्या. सिस्टरबाईंनी लाल शाईने लिहिलं, 'दृष्टी अधू. तपासणारीची चूक.'

चिमणी सहावीतच राहिली. चष्मा लागला, डोकेदुखी गेली, गणित मात्र काठावरच पास होत राहिलं. पुढे तिने शिवणाचा वर्ग काढला. आत्याला काचबिंदू होता हे तिला डॉक्टरांकडून कळलं. आत्या आणखी चौदा वर्षं जगल्या आणि चिमणी त्यांना रोज पेपर वाचून दाखवायची. गणिताच्या बाई मागच्या बाकावर डोळे बारीक करणारी मुलगी दिसली, की तिला स्वतः आजारी खोलीत आणून सोडायच्या. मोठ्या बाई निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला गेल्या. मावशी मरेपर्यंत सांगत होती की चिमणीचे डोळे आपल्या झाडूने वाचवले. सिस्टरबाई तक्ता कपाटात कुलुपात ठेवू लागल्या. खोलीला आणखी एक नर्स मिळावी म्हणून त्या दरवर्षी अर्ज करत. ती मिळाली, पण त्या निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी.