तीनशे अंशांवर शिजलेलं विष

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर बंद पडलेल्या कारखान्यातून उचललेलं यंत्र घुरघुरत होतं आणि त्यामागे यंत्रमहाराज डोळे मिटून बसले होते. रक्तातलं विष त्यांचं यंत्र ओळखतं म्हणे. थेंब सुईनं आत सोडायचा, तीनशे अंशांवर तापवायचा, विष असेल तर पडद्यावर रेघ उसळते.

"यंत्राला नातंगोतं नसतं, मंडळी!"

थेंब माझ्या धाकट्या बहिणीच्या सासूबाईंचा होता. तीन महिने त्या झिजत चालल्या होत्या. रेघ ताडकन उसळली.

"विष! रोज थोडं थोडं! घरात रांधतं कोण?"

सगळ्या माना बहिणीकडे वळल्या. तिचा नवरा तिच्यापासून दोन पावलं सरकला. मागून कोणीतरी दाराला कडी घातली.

अठरा वर्षं मी प्रयोगशाळेत काम करते. सासूबाईंचं रक्त मी सकाळीच न तापवता तपासलं होतं. विषाचा मागमूस नव्हता. पण घरात ऐकतंय कोण! मी पुढे झाले, स्वतःचं बोट टोचलं. "महाराज, माझंही बघा."

रेघ तशीच उसळली.

"अरेरे, हिलाही विष! ताई, तुमच्या घरात रांधतं कोण?"

"मीच. एकटीच राहते."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग मी चहाच्या ट्रेमधली साखर आणि दुधाची भुकटी पाण्यात कालवून तो थेंब आत सोडला. पुन्हा तीच रेघ. महाराजांना घाम फुटला.

"रक्तातले बारीक रेणू नाजूक असतात," मी म्हणाले. "एवढ्या उष्णतेत ते मोडतात, तुकडे एकमेकांना चिकटतात आणि रक्तात नसलेले पदार्थ तयार होतात. हे विष यंत्रच शिजवतं!"

"मग मला झालंय काय?" सासूबाईंनी विचारलं.

"ते डॉक्टर शोधतील. तुम्ही एकदा तरी गेलात का?"

मागच्या रांगेतला शिंपी उठला. "आमच्या सुनेच्या वेळीही अशीच रेघ आली होती. तिला आम्ही त्याच रात्री घराबाहेर हाकललं."

मी दाराची कडी काढली आणि बहिणीचा हात धरला. तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगते: कोणाकडे बोट दाखवण्याआधी धडधाकट माणसाचा एक थेंब त्याच यंत्रात घालून पाहा. शिंप्याच्या घरी तेवढंच कोणी केलं नव्हतं.